खिशातला शिक्का

मंगळवार, संध्याकाळ

आज कॉलेजात दुसऱ्या वर्षाचे राज्यशास्त्राचे पेपर निवडायचे होते. माझे वडील, अण्णा, सोबत आले, शर्टाच्या खिशात आईचा शिक्का घेऊन. मंद्रूपजवळच्या आमच्या गावची सरपंच आई आहे, पण शिक्का कायम अण्णांच्या खिशात.

मी ‘ग्रामपंचायत कारभार’ घेते म्हटल्यावर सर खूश झाले. म्हणाले, “आईंना एकदा वर्गात बोलायला आणा.”

“तिला काय कळतंय त्यातलं? मीच येतो की,” अण्णांनी खिसा थोपटला.

सर हसून “चालेल” म्हणाले. चालेल? अण्णा सरपंच म्हणून बोलणार आणि मी ते वहीत उतरवून घेणार? रागाच्या भरात ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ नोंदवून टाकलं. आता बदलून मिळणार नाही.

घरी आई शेंगा फोडत बसली होती. हळूच म्हणाली, “गावच्या कारभाराचं पुस्तक कवा मिळतंय गं?”

तो पेपर घेतला नाही, म्हणून सांगितलं. तिनं हातातली शेंग न फोडताच सुपात टाकली.

“तुज्यासंगं मी बी वाचलं असतं. सही कशावर करतेय, तेवडं तरी कळलं असतं.”

अण्णांचा शर्ट समोर खुंटीला आहे. खिसा फुगलेला. त्याला हात लावायची हिंमत नाही माझी, आणि निघाले जगाचं राजकारण शिकायला.