आंब्याचं रिकामं खोड

पलूस, जि. सांगली
१२ नोव्हेंबर २०२४

चि. अंकितास, लालाकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कोयनानगरात फोन लागत नाही, ते एका अर्थी बरंच झालं. फौजेतून सुभेदार म्हणून घरी आल्यापासून मला पत्र लिहायला कुणी उरलंच नव्हतं. ओळी वर चढल्यात म्हणून हसू नकोस, टेबल डगमगतं.

तू झाडाच्या सालीत लपणारे कोळी मोजतेस आणि त्यासाठी शिष्यवृत्ती मिळते, हे शेजारच्या नानासोंना खरंच वाटेना. मी त्यांना म्हटलं, गड्या, मी अकरा वर्षं जवानांना झाडाझुडपांत लपायला शिकवलं, त्याचाही पगारच मिळत होता की. लपलेला जवान मला पन्नास पावलांवरून दिसायचा, तिथं तुझा कोळी काय चीज! आपल्या अंगणातल्या आंब्यावर असेलच. ये, दाखवतो.

काकीनं या वयात स्कूटी शिकायचा नाद धरलाय. मागच्या आठवड्यात माझी गाडी उसाच्या ट्रॉलीला घासली, तेव्हापासून तर जास्तच. चूक ट्रॉलीचीच. उजवीकडून आली कुठून, देव जाणे.

लोभ आहेच, तो कागदावर उतरत राहू दे.
तुझा काका, लालासाहेब


कोयनानगर
६ डिसेंबर २०२४

ती. लालाकाकांस, अंकिताचा शि. सा. न. वि. वि.

परवा सुखरूप पोचले. काकीची शेंगदाण्याची चटणी मात्र पाटणपर्यंतच टिकली.

काका, एक कबूल करायचंय. आंब्यावरचा कोळी मला सकाळी सातलाच सापडला होता. चपटा, सालीच्याच रंगाचा आणि खोडाला इतका चिकटलेला, की त्याची सावलीसुद्धा पडत नव्हती. मुंगी जवळ आली, तसा तिच्याभोवती गरगर फिरून त्यानं तिला धाग्यांत बांधून टाकलं, तेव्हा दिसला. मापं घ्यायला मी त्याला बाटलीत घातलं आणि बाटली पिशवीत. मग तुम्ही आलात. मी थट्टेनं रिकामं खोड दाखवून विचारलं, काका, दिसतो का? तुम्ही लगेच बोट दाखवून म्हणालात, हा काय, केवढे लांब पाय आहेत!

तेव्हा मी हसले. एसटीत हसू आलं नाही. पन्नास पावलांवरून माणूस हेरणारा खोड रिकामं आहे असं म्हणाला असता. मग आठवलं, मी उजव्या हाताला ठेवलेला चहा तुमच्या कोपरानं सांडला होता. काका, तुम्हाला तिकडचं दिसत नाही ना? मिरजेला डोळे दाखवून या. नाही गेलात, तर मी काकीला लिहीन. रागवा, पण जा.

तुमच्या मायेत काटछाट नसावी.
अंकिता


पलूस
१५ डिसेंबर २०२४

चि. अंकितास, आशीर्वाद.

तुझं पत्र उसाच्या बांधावर बसून वाचलं, एकेक ओळ दोनदा. रागावलो होतो, हे आधी लिहितो.

मागच्या वर्षीच्या गणपतीपासून उजवीकडून अंधार सरकत येतोय. हे बाहेर फुटलं तर गाडीची किल्ली जाईल. मग ओसरीवर बसून, पेपर कोण वाचून दाखवतंय याची वाट बघायची. सीमेवर कधी भ्यालो नाही, पण त्या ओसरीला भितो.

काकीला कळू देऊ नकोस. तिला अजून सुगावा नाही, इतकं बेमालूम ठेवलंय. उलट तीच म्हणते, तिचे डोळे दुखतायत. येत्या बुधवारी तिला मिरजेला न्यायचंय. तिथवर गेलोच, तर बघू.

जीव आहे तो असाच राहू दे.
लालाकाका


पलूस
२८ डिसेंबर २०२४

चि. अंकिताला विजयमालाकाकीचा आशीर्वाद.

तुझं पत्र मी वाचलं न्हाई, पण ह्यांनी ते बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं, तवाच वळखलं. अगं, ह्यांच्या आधी मला ठावं हाय. दोन वर्सं झाली, मी कप डाव्या हाताला ठेवते. दारातली घागर हलवली. स्कूटी काय हौस म्हणून शिकले व्हय? ट्रॉलीला गाडी घासली, त्या दिवशी मात्र ठरवलं, आता डॉक्टर गाठायचाच. दवाखान्यात चला म्हटलं, तर फौजी माणूस यायचा न्हाई. म्हणून माझेच डोळे दुखायला लागले. डॉक्टरला आधी फोन करून सांगितलं, संगं येईल त्या माणसाचं बघा.

काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याचं गेलं ते परत यायचं न्हाई. डावा थेंबांनी राखता येईल, पण आणखी उशीर झाला असता तर तोही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. तुझे काका बाहेर येऊन बाकड्यावर बसले. मग विचारलं, तुला कवापास्नं ठावं? मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरला, चारचौघांत. चौतीस वर्सांत पहिल्यांदा.

पण केसपेपर माझ्या नावाचा होता, म्हणून डॉक्टरनं मलाबी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! मी म्हटलं, आवं, मी नाटक करत होते, मला सगळं दिसतंय. ह्यांना इतकं हसू आलं, की नर्स बघायला आली.

माझं ऑपरेशन अकरा जानेवारीला हाय. दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या नानासोंच्या ताब्यात. काल एसटीनं मिरजेला निघालो. पाटी मी वाचली, ह्यांनी खात्री करून दिली, आणि आमी तासगावला जाऊन उतरलो. तवा दहा तारखेलाच ये. घरात एक तरी डोळस माणूस पायजे.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी काकी