क्रेफिश नि मासे एका टाकीत

आबा, शेलूला आमच्या घरी हॉलमध्ये काचेची मोठी टाकी आहे. तिच्यात मासे आहेत आणि त्यांच्यासोबत एक क्रेफिश आहे. तुम्ही हा प्राणी कधी पाहिला नाहीत. अंग झिंग्याचं, नांग्या खेकड्याच्या, रंग निळा. गेलं वर्षभर हे सगळे एकाच पाण्यात राहताहेत आणि ते मला तुम्हालाच सांगायचं होतं.

चौक गावातल्या तुमच्या गॅरेजमागे सिमेंटची टाकी होती. डास होऊ नयेत म्हणून तुम्ही तिच्यात नदीतले बारके मासे सोडले होते. एकदा कुणा गिऱ्हाइकानं खेकडे आणून दिले, ते संध्याकाळपर्यंत जिवंत राहावेत म्हणून तुम्ही त्याच टाकीत टाकलेत. मी शाळेतून येऊन वाकून बघते, तर कितीतरी माशांची नुसती शेपटं तरंगतायत. मी रडायला लागले. तुम्ही हाताचं ऑइल पुसत आलात. “माजंच चुकलं गं,” म्हणालात. “खेकडा नि मासा एका पाण्यात नाय नांदायचे. ध्यानात ठेव.” उरलेले मासे तुम्ही बरणीत घालून मला दिलेत आणि आईनं कुरकुरत ती बरणी स्वयंपाकघरात खिडकीशी ठेवली.

मी ध्यानात ठेवलं, पण मला ते पुरतं पटलं नव्हतं. क्रेफिश विकणारा दुकानदारही तेच म्हणाला, “ताई, सोबत नका ठेवू, खाऊन टाकील.” मी टाकी मोठी घेतली. तळाशी लपायला पाइपाचे तुकडे नि फुटक्या मडक्याची खापरं ठेवली. तळाशी रेंगाळणारे, लांब शेपटीचे मासे आणलेच नाहीत. वरच्या पाण्यात सपासप पळणारे तेवढे आणले. क्रेफिश चढून बाहेर पडतो, म्हणून झाकण घट्ट बसवलं. त्याचं खाणं रोज वेगळं, त्याच्या पाइपाशी. पोट भरलेलं असलं की तो सहसा माशांच्या वाटेला जात नाही.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी तो तळाशी आडवा पडलेला दिसला. “गेला बहुतेक. काढू का?” माझ्या नवऱ्यानं विचारलं. मी काचेला नाक लावून बघते, तर पाठ उकललेली आणि आत काहीच नाही. ती त्याची कात होती. तो स्वतः पाइपात बसलेला, मऊ, नांगी उचलायचंही बळ नसलेला, आणि मासे जाऊन त्याला टोचत होते. म्हणजे आता माशांपासून त्याला वाचवायचं होतं. मी मधे प्लास्टिकची जाळी उभी केली. कात तिथंच राहू दिली, ती खाऊन त्याचं नवं कवच टणक होतं. खालापूरला ऑफिसात बसले, पण दिवसभर लक्ष टाकीत. काही दिवसांनी तो बाहेर आला, आधीपेक्षा मोठा, नांग्या उगारून. मी जाळी काढली. एकही मासा कमी झाला नाही, आबा.

शेजारचे बघायला येतात, कौतुक करतात. तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला ठाऊक नाही. हे पत्र कुठं टाकायचं, तेही ठाऊक नाही. पण एक सांगते. जाळी काढली त्या दिवशी घरात कुणी नव्हतं. मी टाकीसमोर उभी राहून तुमच्या आवाजात मोठ्यानं म्हणून घेतलं, “जमलं गं तुला.”