माठाची भाजी शिकताना

प्रिय उन्नती,

पंधरा दिवस तू माझा फोन उचलत नाहीस. आईशी बोलतेस, म्हणून कळतं की झोप अजून लागत नाही, रोज रडतेस, वर्गात जावंसं वाटत नाही आणि हॉस्टेलवर वेफर्सच्या पाकिटावर दिवस निघतो. मी रागावलेलो नाही. तू पुन्हा खडखडीत व्हावीस, एवढंच मला हवंय. त्यासाठी एक नवं काम शिकलोय, ते सांगतो.

मी भाजी करायला शिकलो. हसू नकोस. कापड विणायच्या लूमच्या दुरुस्तीचं काम मला कुणी शिकवलं नव्हतं. उघडून, जोडून, बोटं चेचून घेत शिकलो, आणि आज आपल्या कामतघर भागात लूम बिघडला की आधी माझं नाव निघतं. मग माठाची जुडी ती काय! पहिल्या दिवशी ढीगभर पाला बघून त्या अंदाजाने मीठ घातलं. शिजून उरला मूठभर, आणि भाजीचं मिठागर झालं. तुझी आई म्हणाली, "एवढं मीठ मी म्हावऱ्याला पन लावत न्हाय." आता जमतं. पाला तीन पाण्यांतून धुवायचा, तोही चिरायच्या आधी. लसूण तांबूस झाला की पाला टाकायचा, मीठ तो खाली बसल्यावरच. वरून लिंबू, म्हणजे लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नाही. तुझं हिमोग्लोबिन साडेआठ होतं, विसरलो नाही.

नाक्यावर पडघ्याकडची भाजी घेऊन बसते ती पुतळाबाई रोज टोमणा मारते, "केसरीदादा, म्हावरं रुसलं का तुमच्यावर?" मी म्हणतो, रुसू दे. आपल्या घरात भाजी म्हणजे मासळी नसलेल्या सोमवार-गुरुवारची शिक्षा, आणि ती तशी मीच करून ठेवली. तू सातवीत होतीस. पार्वतीआत्याकडे पालकाची भाजी चाखून आलीस नि घरी मागितलीस. मी भरल्या पंगतीत म्हणालो, "शेळी हायस का तू?" सगळे हसले. तूही हसलीस. पण परत कधी मागितली नाहीस. पाला निवडताना हे मला आठवतं.

परवा तुझा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. छाती काढून सांगितलं, आता घरात रोज दोन भाज्या, पोरीला सुट्टी लागली की तिचं मन पण ताळ्यावर आणतो. ते म्हणाले, "भाज्या हव्यातच, या वयात शरीराला नि मनाला दोन्हीला मदत होते. पण मुलगी रोज रडते, त्याला नुसती भाजी पुरेल असं मी सांगणार नाही." मी वाद घातला. पण घरी येईपर्यंत त्यांचं पटलं.

म्हणून हे पत्र. पंधरा दिवसांपूर्वी तू फोनवर विचारलं होतंस, कॉलेजच्या समुपदेशक मॅडमकडे जाऊ का, आणि मी ओरडलो होतो, "आपल्या घरात कोन येडं न्हाय. भाजी खा, बरी होशील." तेव्हा मी स्वतः एक भाजी धड खात नव्हतो. भाजीचं तेवढं बरोबर होतं. बाकी सगळं चूक, आणि ती माझी. बाय, तू जा त्यांच्याकडे. शनिवारी मी नाशिकला येतोय. म्हणशील तर त्यांच्या दाराबाहेर बाकावर बसेन, म्हणशील तर गेटवर डबा देऊन परत फिरेन. आत काय बोललीस, ते कधी विचारणार नाही.

तुझाच,
बाबा