एकवीस तारखेपर्यंत धूळ शून्य

२ फेब्रुवारी

हिने आज निर्वाणीचं सांगितलं. एकवीस तारखेला मुलगी नातीला घेऊन पंधरा दिवस राहायला येतेय. नात चार महिन्यांची. मी तिला अजून फोनवरच पाहिलंय. तिच्या छातीत घरघर असते, डॉक्टरांनी धुळीपासून जपायला सांगितलंय. म्हणून मुलीने आईला आधी काय विचारलं, तर बाबांची ती खोली अजून चालू आहे का.

ती खोली म्हणजे माझं वर्कशॉप. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत सुतारकाम सुरू केलं, त्याला दोन वर्षं होतील. भुसा उडतो, हे मान्य. पण ही म्हणते, साखरेच्या डब्यातही निघतो. डबा उघडा कोण ठेवतं, हे मी विचारलं नाही. घरात शांतता हवी.

संकल्प: पंधरा तारखेपर्यंत धूळ शून्य. शिवाय बारा तारखेपर्यंत नातीसाठी पाळणा. वेळ भरपूर आहे.

४ फेब्रुवारी

घरचा व्हॅक्यूम क्लीनर करवतीच्या मशीनला जोडला. आतली पिशवी काढून टाकली की ओढ वाढते, हा माझा स्वतःचा शोध. ओढ खरंच वाढली. फक्त ओढलेला भुसा मागच्या बाजूने हॉलमध्ये गेला. ही तेव्हा सोफ्यावर बसली होती. तत्त्व बरोबर होतं.

७ फेब्रुवारी

धूळ गोळा करायला मोठं कपाट लागणार. आज दोन प्लाय कापले. साहजिकच थोडी धूळ झाली. ही धूळ वेगळी, धूळ थांबवण्यासाठीची आहे. ही म्हणाली, नाकाला दोन्ही सारख्याच.

११ फेब्रुवारी, दुपार

कपाट पाऊण झालं. हवा गाळायला एक पेटी हवी, हे आता लक्षात आलं. पेटीसाठी आणखी एक प्लाय. मला खोकला आहे, पण तो हवाबदलाचा.

पाळण्याचं डिझाइन डोक्यात पक्कं झालं. म्हणजे मुख्य काम झालंच.

१४ फेब्रुवारी

खिडकी प्लायने बंद केली, स्क्रू आणि गम दोन्ही वापरून. मधल्या भोकात एक्झॉस्ट फॅन. बाहेर लोखंडी गज आहेतच. फॅन लावला आणि धूळ झपाट्याने बाहेर गेली. बाहेर दोरीवर पाहुण्यांसाठी धुतलेल्या चादरी होत्या. मी म्हटलं, धूळ घराबाहेर गेली ना? ही चादरी काढून पुन्हा भिजत घालायला घेऊन गेली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१७ फेब्रुवारी

उद्याचं काम आज संपवायचं, असं पंधराला ठरवलं होतं. ते आजपासून.

नवी शिस्त: मशीन बंद केल्यावर वीस मिनिटं आतच थांबायचं. मग कपडे ब्रशने झटकायचे, चपला बदलायच्या, मगच दार. चहासाठी बाहेर यायला अर्धा तास जातो. चहा तोवर गार. आता ही कप दाराबाहेर स्टुलावर ठेवते आणि टकटक करून निघून जाते. दुपारी तर मी बाहेर पडलोच नाही. इतक्या खटाटोपात कोण पडतं. आत फार एकटं वाटतं, हे इथे लिहायला हरकत नाही. ही वही कोणी वाचत नाही.

१९ फेब्रुवारी

मुलीचा फोन. धुळीचं काय? मी ठणकावून सांगितलं, शून्य. हिने फोन हातातून घेतला आणि गॅलरीत गेली. वीस मिनिटं बोलत होती. आल्यावर टीव्हीवरून बोट फिरवून मला दाखवलं.

दाराच्या फटी राहिल्यात. बस, तेवढंच.

२१ फेब्रुवारी, सकाळी ९

आज येतायत. चौकटीला चारही बाजूंनी रबराची पट्टी लावली. सुतारकामाचा नियम आहे, गम भरपूर लावा, घट्ट दाबा, हलवू नका. पट्टी दाबायला दारापेक्षा चांगलं काय? दार आतून बंद करून ते दाबून धरायला शिकंजे लावले. थोडा गम पट्टीच्या दाराकडच्या अंगालाही लागलाय. मजबुती वाढेल.

सकाळी १०

शिकंजे काढले. दार उघडत नाही.

सकाळी १०.४०

हिला हाक मारली. तिने बाहेरून खांदा लावून पाहिला. म्हणाली, कालच बंद करायला हवी होती ही खोली, आज तुम्ही केलीत, पण आत बसून. गळ्यातला आवाज हसण्याचा होता की रडण्याचा, दारातून कळलं नाही. पट्टी उत्तम बसली आहे.

सकाळी ११.३०

आले. जावई, मुलगी, नात. हिने बोलावलेला मिस्त्रीही आला. दार ठोकून पाहिलं आणि म्हणाला, साहेब, हे निघणार नाही, मशीन लावून कापावं लागेल, घरभर भुसा होईल. मुलगी म्हणाली, बाबा, मी बाळाला घेऊन आतल्या खोलीत बसते, कापू दे. मीच नको म्हटलं. आधी तिला घरी घेऊन जा, मग कापा.

जाण्यापूर्वी मुलगी मागच्या अंगणात लांब उभी राहिली, नातीला वर धरून. मी फॅन बंद करून पात्यांमधून पाहिलं. एक टोपडं दिसलं आणि एक पाऊल. मला फार वाईट वाटलं. तीन तासांचा रस्ता तुडवून आले होते, पाऊण तासात परत गेले.

दुपारी २

मिस्त्रीने अकरा मिनिटांत दार कापलं. आत नजर टाकून विचारलं, इथे काय काय बनवलंत? मी कपाट, पेटी, फॅन दाखवले. तो म्हणाला, आणि वस्तू?

२२ फेब्रुवारी

मुलीचा फोन आला. रागावली नाही. म्हणाली, बाबा, तुम्हीच या इकडे, दोघंही या. फक्त अंघोळ करून या.

जायचं नक्की. पण वर्कशॉप असं बिनदाराचं टाकून कसं जाणार? लाकूड कापायला घेतलं, तर ही बॅग भरताना दिसली. म्हटलं, दाराला दोन दिवस लागतील, थांब. तिने स्वतःचे पंधरा दिवसांचे कपडे भरले आणि चारच्या गाडीने मुलीकडे गेली.

एका अर्थी आता घरात धुळीचा कोणालाच त्रास नाही.