तांबं, चांदी आणि माझा अंगठा

तीर्थस्वरूप इसाकुदादांच्या चरणी तोकुजीचा दंडवत.

गुडघे काय म्हणताहेत? वहिनींचा खोकला गेला का? इकडे अकितात पहिला बर्फ पडला आणि आम्ही (म्हणजे मी आणि मांजर) अगदी मजेत आहोत. मियो रुसून आपल्याकडे, म्हणजे माहेरी, आली त्याला बावीस दिवस झाले. माझ्याविषयी तिनं जे सांगितलं असेल त्यातलं निम्मं तिखटमीठ आहे, एवढंच नम्रपणे सुचवतो.

चांदीतांब्याचे पत्रे एकाआड एक रचायचे, लोखंडी पाट्यांत आवळायचे आणि कडांना घाम फुटेपर्यंत भट्टीत तापवायचे, की ते जन्माचे चिकटतात. मग ठोकून, कोरून लाकडासारख्या रेषा काढायच्या. या कामात चार पिढ्यांत माझा हात धरणारा झाला नाही (वडील हयात नाहीत म्हणून म्हणता येतं). पण मियो गेली आणि पत्रे सुटायला लागले! तिसऱ्याच घावाला थर पापुद्र्यासारखा वर. म्हटलं, कोळसा ओला असेल. कोळसा बदलला, पुन्हा तेच. म्हटलं, दाब कमी पडतोय. इतकं आवळलं की खिळा तुटून मांजराच्या शेपटीजवळून गेला. ते तेव्हापासून शेजारी गेन्पाचीकडे जेवतं, तेव्हा वरच्या 'आम्ही'तून त्याला वजा करावं.

शेवटी सुटलेला पत्रा उजेडात धरला, तर तांब्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा, रेघन्‌रेघ! सकाळी भट्टीपाशी उभ्यानंच भाजलेली मासळी बोटांनी खाल्ली होती, तिचं तेल. गेन्पाची म्हणाला, "चोर घरातच निघाला की रे!" मियो पत्रे राखेनं घासून वर पाणी ओतायची, पाण्यानं थेंब धरला, म्हणजे तेल अजून आहे, की पुन्हा घासायची. आणि मला म्हणायची, "आधी हात धुवा, मग शिवा." त्यावर मी ओरडलो, "चार पिढ्यांचं काम तू मला शिकवणार?" तिनं बोचकं बांधलं.

असो. चूक सापडली म्हणजे निम्मं काम झालं. बुधवारी नवी थप्पी भट्टीत जाणार आणि ती धरणारच, लिहून ठेवा.

आपला,
तोकुजी

ता. क. राख कशाची घ्यायची, तेवढं मियोला सहज विचारा. चुलीतली घेतली तर पाणी थेंब धरतंच आहे. मी विचारलं असं मात्र सांगू नका.

आणखी ता. क. सांगा.

शेवटचा ता. क. बुधवारचं काही खरं नाही. पत्रे तिच्या पाटावर ठेवलेत, ती यायची वाट बघत. मी त्यांना हात लावलेला नाही.