३०४ ची एनओसी आणि जागतिक शांतता

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी ७.१०
काल बाप्पा गेले. आजपासून नवं आयुष्य. रिटायर झाल्यापासून चार वर्षं नुसता पेपर वाचतोय, आता पुरे. रात्री मोबाइलवर अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा मोर्चा पाहिला. एका बाईच्या एका हातात पोलिसांनी मारलेल्या मुलाचा फोटो, दुसऱ्या हातात 'युद्ध थांबवा'चा बोर्ड. डोळ्यांत पाणी आलं. तिथे काळ्या माणसाच्या मानेवर ठेवलेला गुडघा आणि दुसऱ्यांच्या देशात टाकलेला बाँब, दोन्ही एकाच दुकानातला माल. भाईंदर पूर्वेत हे अजून कुणाच्याच लक्षात आलेलं नाही.

संकल्प: २१ तारखेला, जागतिक शांतता दिनी, नवघर ते काशीमीरा मोर्चा. हायवे ठप्प. पाचशे माणसं, कमीत कमी.

दुपारी सुके बोंबील. श्रावण आणि गणपती धरून दीड महिना जीभ उपाशी होती. शुभदाने मस्त कुरकुरीत तळले. बारा खाल्ले.

८ सप्टेंबर, सोमवार
सोसायटीच्या चेअरमन हंसाबेन आल्या. काल तिसऱ्या मजल्यावर मच्छीचा वास, तीन तक्रारी. म्हणाल्या, सेक्रेटरीसाहेब, ए तो ३०४ वालाच असणार, दुसरा कोण?

३०३ मध्ये आम्ही राहतो. मी काही बोललो नाही. पण खोटंही बोललो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

३०४ मध्ये एमेका. नायजेरियाचा, कपडे एक्स्पोर्ट करतो. बायको ग्रेस सात महिन्यांची गरोदर. मे महिन्यात लिफ्ट बंद होती तेव्हा आमचा सिलेंडर खांद्यावरून वर आणला त्याने. भला माणूस. त्याचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट या महिनाअखेर संपतंय. पुढे राहायचं तर सोसायटीची एनओसी हवी. त्यावर सही माझी. म्हणजे तो सुरक्षित हातांत आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार
शुभदा म्हणाली, अहो, सांगून टाका की वास आपला होता. तिला शांतपणे समजावलं. दोन वर्षांपूर्वी निवडणुकीत मीच 'तिसरा मजला शुद्ध शाकाहारी' असं आश्वासन दिलंय. आता कबूल केलं तर पद जाईल. पद गेलं तर एमेकाच्या कागदावर सही कोण करणार? ती म्हणाली, मग आत्ता करा की. म्हटलं, प्रत्येक गोष्टीला टायमिंग असतं. तिने भांडी जरा जोरातच घासली.

११ सप्टेंबर, गुरुवार
मोर्चाच्या परवानगीचा अर्ज लिहायला घेतला. आठ परिशिष्टं. हायवे रद्द, आता नवघर नाक्यापर्यंतच. लहान मोर्चा जास्त धारदार असतो.

गेटबाहेर तारोडी गावची हौसाबाई मासळीची टोपली घेऊन बसलेली. (तिला आत यायला बंदी आहे. ठराव मीच लिहिला होता, पण फक्त भाषा माझी.) तिला कष्टकरी स्त्रियांच्या वतीने मोर्चाचं निमंत्रण दिलं. ती म्हणाली, मोर्च्याचं ऱ्हाऊ दे दादा, बोंबील तुमच्या घरान गेलं आनि नाव त्या पोटुशीवर? तिला तं मासलीचा वास पन सहन व्हत न्हाय. मी सांगू का त्या चेअरमनबाईला वर जाऊन?

म्हटलं, वर यायला बंदी आहे. वाईट वाटलं. पण नियम तो नियम.

१४ सप्टेंबर, रविवार
कमिटीची मीटिंग. एमेकाला बोलावलं होतं. माझी योजना होती की योग्य क्षणी उभं राहून बोलायचं. मुद्दे लिहून नेले होते: गुलामगिरी, वसाहती, शस्त्रांचा धंदा, मग बोंबील. वसाहतींपर्यंत मनातल्या मनात पोचलो तोवर हंसाबेननी त्याला सरळ विचारलं, मछली तुमने पकाया?

एमेकाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाला, सॉरी आंटी, आगे से ध्यान रखेंगे.

त्याला माहीत आहे. आमच्या दोन्ही दारांमध्ये चार फुटांचं अंतर. त्या रविवारी शुभदा कढई घेऊन दारात उभी होती तेव्हा तो तिला नमस्ते करून गेला होता.

केवढं मोठं मन! प्रश्न मिटला असं समजून मी मुद्द्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

१६ सप्टेंबर, मंगळवार
एमेकाला मोर्चाचा प्रमुख वक्ता म्हणून निमंत्रण दिलं. विषय: माझे अनुभव. वेळ पाच मिनिटं. तो म्हणाला, अंकल, मेरा एनओसी? म्हटलं, आधी जागतिक प्रश्न घेऊ. तो म्हणाला, ग्रेस को डॉक्टर ने सीढ़ी, सामान, सब मना किया है. थोडा विषय सोडून बोलतो. पण वक्ता चांगला होईल.

१८ सप्टेंबर, गुरुवार
हंसाबेन पत्र घेऊन आल्या. ३०४ ला एनओसी नाही, तीस तारखेपर्यंत जागा खाली. सहीसाठी रेघ मारलेली. म्हणाल्या, हरिश्चंद्रभाई, साइन करो, ने तो नवा सेक्रेटरी शोधू.

निषेध नोंदवून सही केली. निषेध मनात नोंदवला. पद शाबूत राहिलं, आता आतून लढता येईल.

जेवताना शुभदाने पानात दुधी वाढला. मला दुधी आवडत नाही, तिला तीस वर्षं माहीत आहे.

२० सप्टेंबर, शनिवार
मोर्चाला होकार: मी. बाकी सगळे म्हणाले, उद्या सर्वपित्री, गच्चीवर कावळ्याला घास ठेवायचाय. नाकाही रद्द. सोसायटीच्या गेटवर उभं राहून निदर्शनं. बोर्ड रंगवला: 'मानेवरचा गुडघा काढा, आकाशातला बाँब हटवा'. अक्षर सुरेख आलंय.

२१ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९.३०
गेटवर मधोमध उभा राहिलो. पंधरा मिनिटांनी मागून हॉर्न. टेम्पो. त्यात गादी, फ्रिज, नवाकोरा पाळणा. तीस तारखेची वाट न बघता एमेका निघाला होता. ग्रेस पुढे ड्रायव्हरशेजारी, दोन्ही हातांनी पोट धरून. ड्रायव्हर ओरडला, अंकल, बोर्ड साइड में लो, गाड़ी नहीं निकलेगी.

एमेका खाली उतरला. हात पुढे आला, मला वाटलं शेकहँड. त्याने बोर्डाची काठी हळूच बाजूला धरली, टेम्पो बाहेर गेला, मग काठी परत माझ्या हातात दिली. म्हणाला, नाइस राइटिंग, अंकल.

मला सॉरी म्हणायचं होतं. तोंड उघडलं तेव्हा त्याला घेऊन टेम्पो वळला होता.

दुपारी १२.४०
शुभदा बोंबील तळतेय. म्हटलं, अगं, आज पितरांचा दिवस! ती म्हणाली, मामंजींना बोंबीलच आवडायचे, आणि उद्यापासून नवरात्र, नऊ दिवस बंद. म्हटलं, निदान दार लाव. ती म्हणाली, नाही लावणार. सताड उघडं. वर पंखा पॅसेजच्या दिशेने.

१२.५५
मी बेडरूममध्ये. आतून कडी. जिन्यावर हंसाबेनचा आवाज: अरे, पण ३०४ तर खाली झाला ने?

बेल वाजत नाहीये. दार उघडंच आहे. शुभदा त्यांना म्हणतेय, या ना, सेक्रेटरी आतच आहेत.