चिंधीचं जाकीट

८ जानेवारी

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

अक्षर बघून घाबरू नकोस. डॉक्टरांनी रोज पानभर मोठ्ठं अक्षर काढायला सांगितलंय, नाहीतर या आजारात ते मुंगीएवढं होत जातं म्हणे. म्हणून फोन सोडून पत्र. तर बातमी अशी, की माझ्या उजव्या हाताची थरथर वयाची नाही, कंपवाताची आहे. गोळ्या सुरू झाल्यात.

तुझ्या सांगण्यावरून चिंधीला शिकवणीला घातलं होतं, ते कामी आलं. डॉक्टर समोर बसवून बोटं आपटायला सांगतात, नाकाला लावायला सांगतात, तेव्हा हात आणखीच नाचतो. मागच्या खेपेला मी अर्ध्यातून उठून आले होते. या वेळी चिंधीनं माझ्या पावलावर हनुवटी टेकली आणि मी शेवटपर्यंत बसले. दुकानातल्या कात्रणांच्या ढिगात सापडलेलं पिल्लू, आता थेरपी डॉग म्हणून मिरवतंय!

एकच वैताग. काउंटरवरच्या बाईंनी भरल्या खोलीत विचारलं, कुत्रं कशाला, तुम्हाला नेमकं होतंय काय. सगळ्या माना वळल्या. मी म्हटलं, मला काही नाही, हिलाच दाखवायला आणलंय. लोक हसले, पण माझे कान तापले. घरी येऊन चिंधीला जाकीट शिवलं. पाठीवर लिहिलं, कामावर आहे, हात लावू नका. आता कोणी चौकशा करायला नको.

तू कोणापाशी बोलू नकोस. बेकरीवाल्यांच्या लेकीचा लग्नाचा पोशाख माझ्याकडे आलाय. तिचं पहिलं झबलं मीच शिवलं होतं. हा पोशाख मला शिवायचाच आहे, आणि थरथरत्या हाताच्या बाईकडे भारी कापड कोण टाकेल?

माझ्यावरचा लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी
ताई


१७ जानेवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा रडून आणि एकदा नीट. यांनी पाकीट बघून विचारलं, ताई चिडल्यात का, एवढ्या मोठ्यानं लिहितायत ते. मी सांगितलं, ताईचा चष्मा हरवलाय. तुझ्यासाठी नवऱ्याशी खोटं बोलले, उपकार लक्षात ठेव.

रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मी केस पांढरे केले, म्हणून सांगते. कुत्रं शिकलेलं आहे का आणि ते काय काम करतं, एवढंच आमच्याकडे विचारतात, तेही बाजूला घेऊन. आजार चारचौघांत विचारायचा नाही. पुढच्या वेळी त्या बाईंना म्हण, बाजूला बोलू या. उधारी बुडवणाऱ्यांना नुसत्या नजरेनं गप्प करणारी तू, आणि तिथे विनोद करून सुटका करून घेतलीस?

पोशाख खुशाल शिव. तुझ्या हातावर माझा भरवसा आहे, थरथरला तरी. चिंधीला माझ्याकडून एक बिस्किट.

लोभ आहेच, त्यात थोडी माया जास्त घाल.

तुझी
छकुली


११ फेब्रुवारी

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

आजचं अक्षर मोठं आहे ते रागानं.

दवाखान्यात चिंधी सगळ्यांची लाडकी झाली होती. काउंटरवरच्या बाई तर तिच्यासाठी पाण्याचं भांडं भरून ठेवायच्या. त्यांनीच विचारलं, हिचा फोटो बाहेरच्या खोलीत लावू का, घाबरणाऱ्या पेशंटना धीर येईल. मी म्हटलं, लावा, पण माझा चेहरा नको, नाव नको. त्यांनी शब्द पाळला. फोटोत फक्त चिंधी, ऐटीत बसलेली. आणि तिच्या मानेपाशी, जाकिटाच्या कॉलरवर, माझ्या दुकानाचं लेबल!

अगं, मीच लावलंय. कपडा शिवून झाला की लेबल, ही जन्माची सवय. हात आपोआप गेला आणि माझ्या लक्षातही आलं नाही. त्यांनी माझा चेहरा झाकला आणि मी माझी पाटी कुत्र्याच्या गळ्यात अडकवून बसले.

बेकरीवाल्यांच्या बाई, नवरीची आई, सासऱ्यांना घेऊन तिथे गेल्या होत्या, त्यांनी लेबल ओळखलं. दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. इतक्या गोड बोलल्या, की तुम्ही आता आराम करा, आम्ही बघू काहीतरी. न कापलेलं कापड घडी घालून पिशवीत टाकलं. जाताना चिंधीच्या डोक्यावरून हातही फिरवला. मी दुकान बंद करून रडत बसले.

आता पुढच्या तपासणीला जाणार नाही. चिंधीला घेऊन निघाले की सगळ्या गल्लीला कळतं मी कुठे चाललेय, आणि तिच्याशिवाय मला त्या खुर्चीत बसवत नाही. तेव्हा आम्ही दोघी घरीच.

तुझा लोभ तेवढा उसवू देऊ नकोस.

तुझी
ताई


१६ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तडक तुझ्या दवाखान्याचा नंबर फिरवला. पलीकडून कोणी हॅलो म्हटलं आणि मी फोन ठेवून दिला. काय सांगणार होते? मी अमक्या पेशंटची बहीण, तिला तमका आजार? म्हणजे तुझी गोष्ट तुला न विचारता आणखी एकदा चव्हाट्यावर. दिवसभर दुसऱ्यांना हेच शिकवते आणि रागाच्या भरात मीच ते करणार होते. म्हणून आधी विचारते, बोलू का त्यांच्याशी? नको म्हणालीस तर नको.

पण लेबलाचा सगळा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. चेहरा आणि नाव झाकलं की झालं, असं त्यांना वाटलं. भिंतीवर लावण्याआधी फोटो तुला दाखवला असता, तर तुझी शिवणकामातली नजर पहिल्यांदा कॉलरवरच गेली असती. हे त्यांना सांगायला हवं.

ताई, बाकी काहीही टाळ. गिऱ्हाइकं टाळ, माझे फोन टाळ. तपासणी टाळू नकोस. मला फार भीती वाटते. मला हक्कानं रागावणारं तुझ्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही.

रागावलीस तरी चालेल, लोभ कमी करू नकोस.

तुझी
छकुली


२ मार्च

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

फोन करू नकोस. मीच गेले, चिंधीला घेऊन, भर रस्त्यानं.

काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, बाजूला बोलू या. त्यांना लेबल दाखवलं तर त्यांचा चेहरा उतरला आणि डोळ्यांना धारा. शेवटी मलाच त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. फोटो लगेच उतरवला. आता कुत्रं घेऊन येणाऱ्याला बाजूच्या खोलीत नेतात आणि काय विचारायचं ते तिथे विचारतात. डॉक्टरांनीही माफी मागितली आणि गोळीची वेळ बदलून दिली. सकाळचा हात आता बराच ताब्यात असतो.

खरी बातमी पुढेच आहे. काल बेकरीवाल्यांची लेक आली, काखेत तेच कापड. मला वाटलं, हीपण गोड बोलणार. ती स्टुलावर बसली आणि तिनं सरळ विचारलं, तुम्हाला आता काय जमतं आणि काय नाही. छकुले, इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं गं. सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं होतं.

मग मी सांगितलं. सकाळी कापड कापता येतं, मशीन चालवता येतं. बारीक हातशिलाई आणि मणी नाही जमत, ते दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावे लागतील. पुढे हा हात काय काय सोडून देणार, याची भीती वाटते, हेही बोलून गेले. डोळे भरून आले, पण लाज वाटली नाही. माझ्या आजाराबद्दल या गल्लीत पहिल्यांदाच मी स्वतः बोलत होते.

सगळं ऐकून तिनं विचारलं, यातलं आईला काय सांगू. मी म्हटलं, काहीच नको. ती बरं म्हणाली, स्वेटर काढून ठेवला आणि मापासाठी दोन्ही हात पसरून उभी राहिली.

सकाळ आहे तोवर कापड कापून घ्यायचंय, म्हणून थांबते. लोभ कर, आणि अधूनमधून असाच दमही देत जा.

तुझी
ताई